देवीने न दिलेला कौल

आई गेल्यानंतर चार महिने मी देवापुढे दिवा लावला नाही. रागच तसा होता. माझी आई मानसिक आजारांवर काम करणारी समुपदेशक. खालापूरच्या आमच्या घरातून ती दर मंगळवारी सकाळी निघायची, एसटीने कर्जत, तिथून जीपने कशेळे आणि तिथल्या देवीचं देऊळ. करणी झाली, अंगात आलं म्हणून माणसं देवीकडे यायची, आणि आईचं म्हणणं असं, की माणसं जिथे येतात तिथेच आपण बसावं. आधी गाभाऱ्यात डोकं टेकायचं, मग ओवरीत सतरंजी पसरायची, असा तिचा उभा जन्म गेला. एवढी सेवा करणाऱ्या बाईला देवीने एका सकाळी चहाचं आधण उकळत असताना उचलून नेलं. माझ्याशी दोन शब्द बोलायचीही सवड दिली नाही.

खरं सांगायचं तर राग देवीवर कमी आणि आईवर जास्त होता. पेशंटबद्दल घरी ती चकार शब्द काढत नसे. मी खोदून विचारलं तर म्हणायची, "ते त्यांचं आहे गं." मला वाटायचं, जगाचं ऐकून हिचे कान भरतात आणि उरलीसुरली आई माझ्या वाट्याला येते. हे तिला कधी बोलून दाखवलं नाही, आणि आता दाखवणार कुणाला?

मग माझी झोप गेली. घास गिळवेना. शाळेत फळ्यासमोर उभी असताना आपण कोणता धडा शिकवतोय तेच आठवेना. आपण नसलो तर घरच्यांची सुटका होईल, असं मनात येऊ लागलं, आणि त्या विचाराची मला भीतीसुद्धा वाटेनाशी झाली. मी तिची लेक, लक्षणं मला पाठ होती. आईबरोबर काम केलेल्या, कर्जतच्या दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई तेराव्यालाच म्हणाल्या होत्या, "येऊन जा माझ्याकडे." पण समुपदेशकाच्या मुलीनेच त्या ओपीडीच्या बाकावर बसायचं? आईच्या नावाला बट्टा लागेल, अशी माझी पक्की समजूत. शहाणपण दुसऱ्यांना सांगायला असतं, आपल्यावर आलं की माणूस गाढवच होतो.

शेवटी एका मंगळवारी मी कशेळ्याला गेले ती देवीलाच विचारायला. आमच्याकडे अडलं की कौल लावतात. देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलं लावायची, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी गुरवकाकांना म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ की नको, एवढं विचारा. डावं पडावं, असंच मला आतून वाटत होतं. मग सगळा भार देवीवर टाकून मी मोकळी.

काकांनी हातातली फुलं तबकात ठेवून दिली. "बाय, ह्याचा कौल मी लावत नाय. तुज्या आयनं देवीफुडं माज्याकडून वचन घेतलंय. दवापाण्याचं देवीला इचारायचं नाय, सरळ पाठवून द्यायचं." मी रडकुंडीला आले. आई गेली तरी माझी वाट अडवून उभीच! काकांनी ओवरीकडे बघून हाक मारली, "अगं, हिच्यासंगं जातेस का?"

ओवरीतून पन्नाशीची एक बाई उठली. पोशीरची, भातशेती करणारी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. आईने लावलेली शिस्त तिनेच मला कर्जतला जाताना जीपमध्ये सांगितली. जो बरा झाला, त्याने नव्या माणसाला पहिल्या दिवशी दवाखान्यात सोबत करायची. नव्याला एकटं सोडायचं नाही. "पण आई तर आता नाही," मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "मॅडम नाय, पण मंगळवार हाय ना. आमी आळीपाळीनं येतो."

ओपीडीच्या दाराशी माझे पाय पुन्हा अडले. परत जाते म्हणाले. तिने मला मनगटाला धरून बाकावर बसवलं. "मीबी अशीच पळत व्हते गं. लाज वाटायची. तवा मॅडमनी मला त्यांचं सांगितलं. त्यांची पोर झाली, तवा त्यांना पोरीकडं बघवत नव्हतं. वरीसभर गोळ्या खाल्ल्या त्यांनी. म्हणाल्या, गोळ्या खाल्ल्या म्हणून पोरीला उचलून घेता आलं." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "ती पोर म्हंजे तूच ना?"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा. नंबर आला तेव्हा ती माझ्याबरोबर आत आली, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. न वाटणाऱ्या त्या भीतीबद्दलसुद्धा.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. औषध चालू आहे, झोप येते, देवापुढे दिवा लागतो. त्या दिवशी नेमकी तीच बाई ओवरीत का होती, हा योगायोग की कृपा, याचा मी कीस काढत नाही. शरण जायचं म्हणजे आपला निर्णय देवीच्या गळ्यात घालून घरी यायचं, असं मी समजत होते. देवीने तो घेतला नाही आणि माझं मनगट एका अनोळखी हातात दिलं. मला उरलेली आई मिळाली, असं आता मी म्हणू शकत नाही. मला उचलून घेता यावं, म्हणून माझी आई आधी स्वतः त्या बाकावर जाऊन बसली होती.