दादांचे अळणी डॉक्टर

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी अख्खा देश मीठ उचलायला निघाला होता, तेव्हा काही रोग नसताना मिठाचं तोंडही न पाहणारे गृहस्थ सबंध नाशकात एकच होते, ते म्हणजे आमच्या दादांचे डॉक्टर. दादा म्हणजे माझे वडील. त्यांची मूत्रपिंडं बरीच वर्षं कुरकुरत होती. पायांवर सूज यायची, उतरायची. डॉक्टरांचं म्हणणं असं, की मूत्रपिंडं थकली की रक्ताचा दाब वाढतो, तो रेटता रेटता हृदय तालमीत घातल्यासारखं जाड आणि मोठं होतं, आणि मग रोगी किती टिकणार हे ते हृदयच ठरवतं. "दादा, तुमच्या हृदयाला पैलवान होऊ द्यायचं नाही," असं ते बजावायचे. उपाय एकच, मीठ बंद. दादा पेन्शनीत निघालेले शाळामास्तर. नोकरी सुटली तरी हट्ट सुटला नव्हता. "आधी तुम्ही महिनाभर अळणी जेवून दाखवा," ते म्हणाले. डॉक्टरांनी त्याच दिवसापासून मीठ सोडलं, आणि महिना उलटल्यावर पुन्हा सुरू करायचं काही नावच काढलं नाही. मग दादांनाही अळणी जेवणं भाग पडलं.

डॉक्टरांचा दुसरा नाद ठोकण्याचा. छातीवर एक बोट ठेवून त्यावर दुसऱ्या बोटानं ठोकायचं, आवाज जिथं भरीव होतो तिथं हृदयाची कड धरायची आणि निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढायची. रेघ काखेकडे सरकली नाही की स्वारी खूश! हा नाद छातीपुरता राहता तर ठीक होतं. भद्रकालीच्या बाजारात ते एकेक कलिंगड ठोकत सुटले, तेव्हा विकणारी बाई वैतागली. "ओ डाक्टर, घ्यायचं असंल तर घ्या, त्याला काय रोग नाय झाला!" आमच्याकडे आले की आधी माठ ठोकत, "वहिनी, पाणी निम्म्यावर आलंय," असं आईला सांगत आणि मगच दादांकडे वळत. मला हा माणूस फार फार आवडायचा.

लग्नाच्या पंगतीत ते दादांना खेटूनच बसत. वाढपी मीठ घेऊन आला की दादांच्या पानाच्या टोकावर आपला डावा पंजा पसरून ठेवत. एका वाढप्यानं घाईत त्या पंजावरच मीठ वाढलं, मागून आलेल्यानं त्यावर लिंबाची फोड ठेवली. डॉक्टर हातावर मीठ-लिंबू घेऊन श्लोक संपेपर्यंत तसेच बसून राहिले, आणि दादा हसून हसून लाल झाले.

सत्याग्रहाच्या दिवसांत मात्र गल्लीत कुजबुज सुरू झाली. "सगळा देश मीठ उचलतोय आणि हा टाका म्हणतोय. सरकारचाच माणूस दिसतोय!" तिकडे फौजदाराला संशय, की यानं सरकारी मिठावर बहिष्कार घातलाय. डॉक्टर दोन्हीकडच्यांना औषधं देत आणि अळणी जेवायला घरी जात. एक दिवस कोणी स्वयंसेवक समुद्रकाठाहून आला आणि कायदा मोडून काढलेल्या मिठाची पुडी दादांच्या हातावर ठेवून गेला. दादांचे डोळे भरून आले.

"एक चिमूट, डॉक्टर. देशाचं आहे हो."

डॉक्टरांनी पुडी उलगडली. मग चिमूटभर मीठ घेऊन त्यांनी अंगाऱ्यासारखं दादांच्या कपाळाला लावलं, आपल्याही लावलं. "देश डोक्यावर घ्या, दादा. पोटात नको." दोघंही खदाखदा हसले. पुडी देव्हाऱ्यात गेली.

पुढे काही वर्षं रेघ जागची हलली नाही. मग एका थंडीत दादांना आडवं झालं की दम लागू लागला. डॉक्टर आले, त्या दिवशी माठाकडे वळलेसुद्धा नाहीत. त्यांनी ठोकलं, पुन्हा ठोकलं. बोटं सरकत सरकत पार काखेपर्यंत गेली. त्यांनी पेन्सिल काढली आणि रेघ न ओढताच खिशात ठेवून दिली.

"वहिनी, आज पिठल्यात मीठ घाला. दोन पानं मांडा."

आई चुलीकडे वळली. मला रडू आवरेना. ते दोघं भिंतीला टेकून शेजारी शेजारी जेवायला बसले. पहिला घास घेऊन दादांनी डोळे मिटले, "वा!" म्हणाले. मग पानाच्या रिकाम्या टोकाकडे बोट दाखवून हसले.

"डॉक्टर, वाढपी विसरला हो."

डॉक्टर उठले, देव्हाऱ्यातली ती पुडी घेऊन आले, आणि त्यांनी आपल्या हातानं दादांच्या पानावर चिमूटभर मीठ वाढलं.