भानुदासच्या गाडीची धग

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गेवराईतल्या माझ्या गॅरेजात एक इंजिन उघडून बसलो होतो. "भानुदास गेले," एवढंच म्हणाल्या. हात पुसायचंही सुचलं नाही... सव्वा महिना होत आला त्याला.

भानुदास माझा जुना दोस्त, उमापूरचा, मेंढपाळाच्या घरातला. लहानपण कळपामागं चालण्यात गेलं. पुढं जनावरांची औषधं विकू लागला आणि पन्नाशीत त्यानं लांब पल्ल्याची, मोठ्या इंजिनाची मोटारसायकल घेतली. "पायी लई हिंडलो बे, आता बसून हिंडायचं," म्हणाला. पार राजस्थानपर्यंत एकटा जाऊन आला.

गाडी देखणी, पण इंजिनाची धग थेट उजव्या घोट्यावर यायची. गेल्या उन्हाळ्यात तो लंगडतच गॅरेजात आला. "भाजून निघतोय पाय. काय तरी कर." मी तीन दिवस गाडी ठेवून घेतली. कूलंट बदललं, पंखा तपासला, सायलेन्सरच्या पाइपावर उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली, वरून पत्र्याची ढाल बसवली. पाइपाला न टेकता, मधे बोटभर हवा खेळेल अशी. चक्कर मारून आला नि म्हणाला, "जरा कमी हाय."

पावसाळ्यानंतर कर्नाटकात जाऊन आला तो खुशीतच. "आता धग लागतच न्हाई. लई गुणाचा हात हाय तुझा." मी फुगलो. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची गाडी दाखवू लागलो. त्याला शुगर आहे हे मला ठाऊक होतं, खिशातल्या गोळ्या कितीदा पाहिल्या होत्या, पण...

धग थोडीच कमी झाली होती. शुगरनं पाय मात्र बधिर होत गेला होता. दिवाळीनंतर वहिनींना त्याच्या मोज्याला चिकटलेली कातडी दिसली. बीडच्या दवाखान्यात आधी जखम साफ केली, मग गुडघ्याखालून पाय काढला. मी भेटायला गेलो. "मला कळायला पाहिजे होतं," म्हणालो. तो म्हणाला, "पाय माझा होता बे. मलाच न्हाई कळलं, तुला कावून कळंल?" पुढं जखमेचं विष अंगात भिनलं. तो घरी आलाच नाही.

आता धगीची तक्रार घेऊन कुणी आला की काम करून देतो. गाडी न्यायला आल्यावर "लागती का आता?" विचारतो. "न्हाई" म्हणाला की स्टूल पुढं सरकवतो, बूट काढायला लावतो. लोक हसतात. मी त्यांना डोळे मिटायला सांगतो, पायाच्या करंगळीला बोट लावतो नि विचारतो, "कुठं लावलं?"... उत्तर येईपर्यंत बोट तिथंच धरून ठेवतो.