मॅडमची कॉईल

मुदखेड स्टेशनवर नांदेडच्या गाडीची वाट बघत होतो, तेव्हा वर्गमित्राचा फोन आला. "गायकवाड मॅडम गेल्या..." सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्यांच्याकडेच निघालो होतो. तोंडी परीक्षा आठवड्यावर आली होती आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत त्या रोज दुपारी माझ्याकडून उत्तरं म्हणवून घ्यायच्या. फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी मनात आलं, आता कसं होणार?

मागच्या वर्षी याच परीक्षेत माझं तोंड उघडलं नव्हतं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा रागावले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "या बारीला न्हाई जमलं तर लातूरला मामाकडं जा. दुकानात माणूस लागतोच की त्यायला."

मॅडम कंधारकडच्या. पहिल्या प्रयोगाला मी कॉईलची तार बॅटरीवरून उघड्या हातांनी ओढली आणि कोपरापर्यंत झटका बसला. काहीतरी जाळलं असं वाटून मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. मॅडम मागोमाग आल्या.

"पळून कुठं चाललास रे? एवढुशी बॅटरी, ती काय मारती?"

"मग मॅडम, झटका...?"

"कॉईलनं दिला. तिच्यातला करंट एकदम तोडला की तिला पटत न्हाई. तो चालू ठेवायला ती स्वतःच विजेचा दाब उभा करती, बॅटरीच्या कितीतरी पट. जोडताना बी करंट हळूहळूच वाढू देती. तुझ्यासारखीच हाय बघ, बदल म्हटलं की घाबरती."

आत मुलं हसली. पुस्तकातला सेल्फ इंडक्टन्स मला त्या दिवशी कळला. पुढे त्या म्हणायच्या, "घरच्या बोलीत सांग, पण मधी थांबू नको."

परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. मॅडमच्या खुर्चीत नवे सर. परीक्षक म्हणाले, "पुरवठा बंद करून दाखव." मी स्विचकडे हात नेला आणि तोंडातून निघून गेलं, "हात काढा, तोडतोय." मॅडम तसं मोठ्यानं म्हटल्याशिवाय कधी स्विच ओढत नसत. खोलीत एकट्या असल्या तरी.

परीक्षकांनी वर बघितलं. "कोणाला सांगतोस? टेबलापाशी तू एकटाच आहेस."

मागच्या वर्षी याच जागी...

"मॅडमची शिस्त आहे, सर."

"का बरं?"

"कॉईल करंट लगेच सोडत न्हाई, सर," मी म्हणालो, आणि मग थांबलो नाही. काय काय बोललो ते आठवत नाही. शेवटी स्विच ओढला. निळसर ठिणगी उडाली.

पास झालो. लातूरचं बोलणं घरात परत निघालं नाही. तरी प्रयोगशाळेत शिरताना अजून धडधडतं. नवे सर चांगले आहेत, शांत आहेत. शिकवण्याच्या नादात न बोलता स्विचकडे हात नेतात. मग मागून कुणीतरी हळूच म्हणतं, "हात काढा."

आणि सर थांबतात.