विडीवाल्या बायकांची तालीम

तालीम माझ्याकडे आली ती दुसरं कोणी नव्हतं म्हणून. आमच्या वस्तादांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्यांची दोन्ही मुलं हैदराबादला स्थायिक. मी गिरणीत जॉबर, खात्यातला मुकादम होतो, पहिल्या पाळीला, म्हणजे साडेतीननंतर मोकळा. वस्तादांनी निरोप पाठवून बोलावलं आणि बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "उद्यापासून तू बस." एवढंच. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी बत्तीस वर्षांचा होतो.

घरात आम्ही दखनी बोलतो. गिरणीत मराठी आणि तेलुगू. मी शिकलो मराठी शाळेत, म्हणून लिहायला मराठीच जवळची वाटते. तेव्हाची बोलणीही मराठीतच उतरवतो आहे.

मशिदीमागच्या गल्लीत दगडी भिंतींची एक लांबट खोली होती. वर पत्रा, एका टोकाला कुस्तीचा हौदा. जागा लाकडाच्या वखारीच्या मालकांची. त्यांच्या वडिलांनी मोहल्ल्यातल्या मुलांसाठी ती दिली होती आणि किल्ली वस्तादांकडे ठेवली होती. वस्तादांनंतर ती माझ्याकडे आली. चाळीसेक पोरं यायची. काठी, बनेठी, फरी-गदगा असं शिकवायचो. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल, गदगा म्हणजे चामडं मढवलेली हातभर काठी. सगळ्यांचं लक्ष मोहरमच्या दहाव्या दिवसाकडे. त्या दिवशी मिरवणुकीत प्रत्येक मोहल्ल्याची तालीम आपापला खेळ दाखवायची. तेवढ्यासाठी पोरं वर्षभर घाम गाळायची, आणि तेवढा वेळ तरी कोपऱ्यावर उभी राहायची नाहीत. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना तालमीचा उपयोग वाटायचा तो हाच.

वखारवाल्यांचा धाकटा मुलगा माझा सगळ्यात चांगला शागीर्द होता. वीस-एकवीस वर्षांचा, सडपातळ, डावरा. डावऱ्यासमोर खेळणं अवघड जातं, त्यात त्याचे पाय हलके. बनेठी फिरवायला लागला की काठी दिसायची नाही, दोन्ही टोकांचे कापडाचे गोळे तेवढे दिसायचे. माझ्यानंतर तालीम हाच सांभाळेल असं मी धरून चाललो होतो.

दुष्काळाच्या साली हौद्यातली माती भिजवायला पाणी नव्हतं, म्हणून कुस्ती बंद ठेवली होती. त्या उन्हाळ्यात एका दुपारी तालमीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. बुरखा, त्याच्यावरून कमरेला टेकवलेलं सूप. आमच्याच मोहल्ल्यातली, चाळिशीची विधवा. विड्या वळून घर चालवायची. आत आली नाही. मीच बाहेर गेलो.

"वस्ताद, तुम्ही पोरांना काठी शिकवता. आम्हाला शिकवाल का?"

मला वाटलं, ती आपल्या मुलाबद्दल बोलते आहे.

"मुलगा नाही मला," ती म्हणाली. "आम्ही बायका. विड्या घेऊन कारखान्यात जातो ना, रुईच्या गोदामामागून. तिथे सायकलवर दोघं-तिघं येतात. तोंडाला रुमाल बांधलेले. बुरखा ओढतात, सूप उडवतात. विड्या मातीत गेल्या की कारखान्यात छाटून टाकतात, मजुरी मिळत नाही. आमच्यातली एक पोरगी तर यायचीच बंद झाली."

"मोठ्या माणसांना सांगितलं का?"

"सांगितलं की. म्हणाले, घरात बसा. घरात बसलं तर विड्या कोण पोचवणार?"

बघतो म्हणालो. ती लगेच गेली नाही. आत पोरं फरी-गदगा खेळत होती, ते दारातून थोडा वेळ बघत राहिली आणि मग गेली.

जेवताना बायकोला सांगितलं. सांगितलं ते काही करायचं म्हणून नाही, दिवसात काय झालं ते सांगतो तसं. परक्या बायकांना मी हात धरून काठी शिकवणं शक्यच नव्हतं. कोणी येऊ दिलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते जमलं नसतं. बायकोने भाकरी तव्यावरून काढली, दुसरी टाकली.

"मला शिकवा," ती म्हणाली. "मी त्यांना शिकवते."

आमच्या घराला मागे छोटं अंगण होतं. पाटा-वरवंटा आणि पाण्याचे पिंप बाजूला सारले की दोन माणसं उभी राहतील एवढं. तिथे मी तिला शिकवायला लागलो. आठ वर्षांचा संसार झाला होता आमचा, पण कुठली गोष्ट तिला सरळ शिकवायची वेळ कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशीच तिने चुकीचा पाय पुढे टाकणं सोडलं. पोरांना त्याला दोन महिने लागतात. मी वार सांगायचो, ती विचारायची, "का?" तालमीत मला 'का' कोणी विचारत नसे. वस्ताद सांगतात तसं करायचं, एवढंच. तिला उत्तर देताना पुष्कळदा माझ्या लक्षात यायचं की मलाही ते ठाऊक नव्हतं.

लांब काठी कामाची नव्हती. बांबूचे हातभर तुकडे कापले, बुरख्याआड मावतील असे. डोक्यावर मारायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं. माणूस मेला तर सगळंच संपलं. एकच वार पक्का करायचा: अंगठ्याकडून मनगटाच्या हाडावर, वरून खाली. तिथे बसला की हातातलं सुटतं आणि बोटं काही वेळ वळत नाहीत. मारायचं, दोन पावलं मागे यायचं आणि चालू लागायचं. थांबून बघायचं नाही.

विडी कारखान्याच्या सुटीच्या दिवशी बायका आमच्याकडे यायला लागल्या. पहिल्यांदा चार, मग अकरा. त्यात दोन तेलुगू बायकाही होत्या, त्याच रस्त्याने जाणाऱ्या. अंगणाच्या दाराला गोणपाटाचा पडदा लावला होता. मी पडद्याबाहेर पायरीवर बसायचो, त्यांच्याकडे पाठ करून. बायको आत शिकवायची आणि मी आवाज ऐकायचो. काठी काठीवर नीट बसली की सुका, टणक आवाज येतो. मनगट ढिलं असलं की आवाज बसका येतो. मी बाहेरून म्हणायचो, "भिंतीकडची, मूठ आवळ." आतून हशा व्हायचा, कारण बऱ्याचदा भिंतीकडे कोणी नसायचंच. पण मूठ कोणाची तरी ढिली असायची, हे खरं. हळूहळू मला अकरा जणींचे अकरा हात आवाजावरून ओळखू यायला लागले. सगळ्यात स्वच्छ आवाज सगळ्यात लहान मुलीचा होता. सतरा वर्षांची होती. तिने रस्ता सोडला होता आणि आता परत जायला लागली होती.

मोहल्ल्यात कुजबुज झालीच. मी आधीच जाऊन वखारवाल्यांच्या कानावर घातलं, कारण तालीम त्यांच्या जागेत होती. ते सभ्य माणूस होते. म्हणाले, "बायकाच बायकांना शिकवतायत, मग काय हरकत आहे? बोभाटा तेवढा नको." त्यांच्या शब्दामुळे बाकीचे गप्प बसले.

वर्ष-दीड वर्ष असंच गेलं. नंतर एका वर्षी मोहरमच्या मिरवणुकीला आठवडा उरला असताना वखारवाल्यांचा मुलगा तालमीत आला तो डावा हात छातीशी धरून.

"सायकलवरून पडलो, वस्ताद."

मुरगळलेले हातपाय बसवायचं काम तालमीत माझ्याकडेच असायचं. त्याला बसवलं, हात मांडीवर घेतला. अंगठ्याकडचं मनगट सुजून निळं पडलं होतं. तळव्याला खरचटलेलं नव्हतं. कोपराला, गुडघ्याला काही नव्हतं. सायकलवरून पडणारा माणूस तळवे टेकतो. त्याचे दोन्ही तळवे साफ होते. मी तेल गरम करून आणलं, हळूहळू चोळलं, हळदीचा लेप लावून पट्टी बांधली. मोडलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही काही विचारलं नाही.

घरी आलो तर बायको दारातच उभी होती. चेहरा फुललेला. "आज आपल्या लहानीने एकाला मारलं," ती म्हणाली. "बुरख्याला हात घातला त्याने. एकच वार. सायकल टाकून बसला म्हणे खाली. आणि ही चालत निघून आली, मागे बघितलंसुद्धा नाही."

"कुठल्या हातावर?"

"डाव्या."

मी पाणी मागितलं आणि हातपाय धुवायला बसलो.

त्याला मिरवणुकीतून काढलं नाही. का, ते आजही मला एका वाक्यात सांगता येत नाही. शेजारच्या मोहल्ल्याची तालीम त्या वर्षी जोरात होती. आमच्याकडे बनेठी फिरवणारा हाच. जागा त्याच्या वडिलांची. आणि तो दहा वर्षांचा असल्यापासून, वस्ताद तालीम घेत होते तेव्हाही, त्याला मीच शिकवला होता. यातलं कुठलं कारण किती, ते मी कधी तोलून बघितलं नाही. त्या आठवड्यात तर अजिबातच नाही. तो पडलाही असेल, असं मनाशी म्हणत राहिलो.

दहाव्या दिवशी दुपारी मिरवणूक निघाली. हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन होतं. चौकात आमची तालीम थांबली आणि त्याने पट्टी बांधलेला डावा हात पाठीमागे ठेवून एकट्या उजव्या हाताने बनेठी फिरवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारे म्हणाले, हात दुखावलेला असून खेळतो, याला म्हणतात शागीर्द. ओट्यांवर आणि गच्च्यांवर बायका उभ्या होत्या. मी तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाळीवरून परत आलो तेव्हा बायको तांदूळ निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "लहानी म्हणते, तोच होता. पट्टीवरून नाही. चालण्यावरून ओळखला."

मी टोपी खुंटीला लावली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पट्टी मीच बांधली."

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. सुपातले खडे तिने बाहेर टाकले आणि उठताना म्हणाली, "यापुढे आमच्या वेळेला तुम्ही पायरीवर बसू नका. आमचं आम्ही बघू."

त्याच संध्याकाळी मी त्याला तालमीत सगळ्यांसमोर उभं केलं. बाकीच्यांना खाली बसायला सांगितलं.

"हात कसा दुखावला?"

"सांगितलं ना, सायकल…"

"परत सांग."

त्याने मनगटावरची पट्टी चाचपली. मग म्हणाला, "गंमत होती, वस्ताद. कोणाला काही इजा केली नाही आम्ही."

'आम्ही' म्हणाला. मागे बसलेल्या दोघांनी माना खाली घातल्या. तेही माझेच शागीर्द. हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, एकाचाच प्रश्न आहे.

"बायका जमतील त्या दिवशी माझ्या घरी चला," मी म्हणालो. "पडद्याबाहेर उभे राहा आणि आमची चूक झाली म्हणा. त्या ऐकतील. त्यानंतरच तालमीत या."

दोघं त्या दिवशी आले. उभे राहिले, पुटपुटल्यासारखं काहीतरी म्हणाले आणि गेले. आत काठ्या पुन्हा वाजायला लागल्या. वखारवाल्यांचा मुलगा आला नाही. त्याचे वडील आले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "घरी येऊन मला एकट्याला सांगायचं होतं. सगळ्यांसमोर कशाला?"

"तो रस्त्यावर सगळ्यांसमोरच करत होता," मी म्हणालो.

त्यांनी किल्ली मागितली. मी कमरेच्या कडदोऱ्यातून सोडून दिली. खरं तर मला त्यांचं म्हणणं अगदीच चूक वाटलं नव्हतं. एक आठवडा आधी, पट्टी बांधताना, एकट्याला विचारण्याची वेळ होती. ती मीच घालवली होती.

नंतर आम्ही कबरस्तानाच्या भिंतीबाहेरच्या मोकळ्या जागेत जमायला लागलो. चाळिसातले पंधरा आले. हौदा नाही, छप्पर नाही. पाऊस आला की सुटी. पुढच्या मोहरमला आमच्याकडे बनेठीच नव्हती. फरी-गदग्याच्या तीन जोड्या खेळल्या आणि आम्ही पुढे सरकलो. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी हसलंही नाही.

बायकांचं चालू राहिलं. त्या जमायच्या त्या दिवशी मी दुपार बाहेर काढायचो, कधी सात रस्त्याच्या चौकात एका ओळखीच्या दुकानात बसायचो. परत आलो की अंगणात मातीवर पावलं घासल्याच्या खुणा दिसायच्या. त्यावरून काय चाललं असेल याचा अंदाज करायचो, पण विचारायचो नाही. ज्या विधवेने पहिल्यांदा येऊन विचारलं होतं, ती आता नव्या बायकांना शिकवते, हे मला दुसऱ्याकडून कळलं. रुईच्या गोदामामागचा त्रास थांबला होता. लहानीचं लग्न अक्कलकोटकडे झालं. जाताना ती बायकोच्या गळ्यात पडून रडली. मला तिने लांबून सलाम केला.

वखारवाल्यांचा मुलगा दोन-तीन वर्षांत आखातात गेला. एकदा सुटीवर आला असताना एसटी स्टँडवर समोरासमोर आला. अंगाने भरला होता. वाकून पायाला हात लावायला लागला, मी खांदा धरून उठवलं. तब्येतीची विचारपूस केली, त्यानेही केली. मनगटात मोठं घड्याळ होतं. मोहोळला जाणारी गाडी लागली आणि तो चढला.

त्याच सुमारास एका दुपारी मी बाहेर पडायला चप्पल घालत होतो. बायका यायच्या होत्या. बायको अंगणातून आली, हातात बांबूचा तुकडा.

"दोघं दोन बाजूंनी आले तर आधी पाय कुठे टाकायचा?" तिने विचारलं. "आम्ही करून बघितलं. प्रत्येक वेळी मागच्याच्या तावडीत सापडतो."

मी चप्पल काढली. अंगणात गेलो आणि तिला दाखवलं: दोघांच्या मधे उभंच राहायचं नाही, एकाच्या बाहेरच्या अंगाला सरकायचं, म्हणजे दुसऱ्याला आधी त्याला ओलांडावं लागतं. तिने तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा बरोबर जमलं.

"कळलं," ती म्हणाली. "जा आता. त्या येतील."