दूध बाधलं नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढं हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीनं टाळत आले. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात, तर बहुधा सांगितलंही नसतं.

मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत मी म्हणजे गुटीवाली मावशी. वैदू वगैरे नाही हो. पण कुणाच्या घरी बाळ झालं, की सहाणेवर हळकुंडाचे वेढे किती, मुरडशेंगेचे किती, जायफळ किती जपून — हे विचारायला बाया माझ्याकडं यायच्या. माझी तिन्ही लेकरं गुटीवर वाढली. त्याचा मला गर्व होता. अभिमान म्हणावं का? नाही, गर्वच होता.

थोरली शुभांगी पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली. तिचं सासर देवगाव रंगारीचं, घरची शेती, माणसं भरपूर, आणि विहीणबाई फटकळ. पहिलं बाळंतपण माहेरचं म्हणजे काय असतं, ठाऊक आहे ना? बाळाला साधी शिंक आली तरी जाब माहेराला. मुलगा झाला. दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवलं. सहा महिने फक्त आईचं दूध, म्हणाल्या. पाणी नाही, मध नाही, गुटी नाही. बाळाचं आतडं कोवळं असतं, आईच्या दुधावर त्यात चांगले जंतू वस्तीला येत असतात. विरजण लावल्यावर आपण भांडं हलवतो का? तसंच समजा. शुभांगीनं ते सगळं मनावर घेतलं. घरी आल्या आल्या मला हसत म्हणाली, आई, तुझी सहाण आता माळ्यावर टाक.

हसत म्हणाली, तरी मला लागलं. गल्लीभरच्या लेकरांना चालते ती गुटी माझ्याच नातवाला चालत नाही? येता-जाता बाया विचारायच्या, मावशी, नातवाला गुटी सुरू केली का? मी काहीतरी पुटपुटायची आणि आत यायची.

त्यात बाळ संध्याकाळी रडायचं. पोट टम्म, पाय पोटाशी घेऊन किंचाळायचं. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात असं होतं, दूध पाजल्यावर खांद्यावर घ्या, आपोआप कमी होईल. शुभांगी त्याला खांद्यावर घेऊन घरभर फिरायची. मी बघत बसायची. मला औषध माहीत होतं — निदान तसं मला वाटत होतं.

आता ताकाला जाऊन भांडं किती लपवू? एका सकाळी शुभांगी न्हाणीत होती. मालीशवाली तिला न्हाऊ घालायची, मग शेक, म्हणजे तासभराची निश्चिंती. बाळ माझ्याजवळ. मी सहाण काढली. उगाळायला पाणी हवं. उकळलेलं पाणी शुभांगीच्या थर्मासमध्ये होतं, पण ते कमी झालेलं तिला कळलं असतं. मग मी मागच्या ड्रममधलं घेतलं. आमच्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आठ-आठ दिवस ते ड्रममध्येच राहतं, आणि त्या दिवशी ड्रमचा तळ दिसत होता. लोटा आडवा करून काढावं लागलं. पाणी उकळून घ्यायला कितीसा वेळ लागतो? पण गॅसवर भांडं चढवलं असतं तर मालीशवालीनं विचारलं असतं.

चमचाभर गुटी, वर मधाचं बोट. लेकरानं मिटक्या मारल्या. मला इतका आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. तिसऱ्याही.

मग जुलाब लागले. अगदी पाण्यासारखे. संध्याकाळपर्यंत टाळू खोल गेली, डोळे आत गेले, आणि जे लेकरू घर डोक्यावर घ्यायचं ते रडेनासं झालं. रिक्षात शुभांगी त्याच्या तोंडाशी कान लावून बसली होती. त्या इवल्याशा हाताला सलाईन लावायला शीर सापडेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, वरचं काही दिलंत का? त्या रागावल्या नव्हत्या. खरं कळलं तर उपचाराला बरं, एवढंच म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत शुभांगी बोलली.

"नाही मॅडम. माझी आई तसं नाही करणार."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, नखातली हळद त्यांना दिसली. मी मूठ मिटली आणि म्हणाले, नाही.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी. थांबा, बिचारी म्हणू नका. दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. बाळ तेव्हा जरा सावरलं होतं. त्यांनी शुभांगीला विचारलं, काय खाल्लं होतंस? तिनं खरं ते सांगितलं. भावानं भेळ आणली होती, चार घास खाल्ले.

"दूध बाधलं लेकराला," विहीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "आन् तुम्ही काय करत व्हत्या?"

मी जे बोलले ते जसंच्या तसं सांगते.

"मी नगं म्हनलं होतं तिला. आयकती का माझं?"

मी कधीच नको म्हटलं नव्हतं. त्याच पुड्यातली भेळ मीही खाल्ली होती. शुभांगीनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. तिला वाटलं असावं, आई म्हणाली असेल, आपल्याच ध्यानात नाही. तिनं मान खाली घातली. आई लेकीच्या पाठीशी उभी राहते म्हणतात. मी तिच्या आड उभी राहिले.

दुधानं असं होत नाही, पाजणं थांबवू नका, हे डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं सांगितलं. पण दोन आयांपुढं डॉक्टरचं कोण ऐकतं? शुभांगी भीत भीत पाजायला लागली, मग पिळून मोरीत ओतायला लागली. घरात पावडरचा डबा आला. पोरगं वाढलं, आता शाळेत जातं, दगडसुद्धा पचवेल. कुणाचं काय बिघडलं, असं मी मनाला बजावत राहिले. आणि शुभांगी? कुणी मैत्रीण बाळंत झाली की ती फोनवर सांगते, जपून खा गं, माझं दूध बाधलं होतं. मी शेजारी बसून भाजी निवडत असते.

दोन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली. जावईबापू तोवर नोकरीसाठी देवगाव सोडून वेगळे राहायला लागले होते; बाळंतपण तिथंच, तिच्याच घरी करायचं ठरलं, मी मदतीला गेले. पावडरचा डबा तिनं आधीच आणून ठेवला होता. दवाखान्यातल्या सिस्टरनं पुष्कळ समजावलं, ती ऐकेना. घरी आल्यावर तिला दूध उतरलं. ब्लाउज भिजायला लागला. दुपारची वेळ, जावईबापू कामावर, पोरगं देवगावला आजीकडं, घरात आम्ही दोघीच. पोरगी तोंड फिरवून फिरवून पदर शोधत होती.

"आई, एकदा पाजून बघू का?" शुभांगीनं विचारलं.

तिला हो म्हणायचं, तर पहिल्या बाळाला काय बाधलं होतं हेही सांगावं लागणार होतं. विहीणबाई तिथं नव्हत्या. कुणीच नव्हतं. मला कुणाची भीती होती?

"नगं," मी म्हणाले. "पुन्हा तसंच झालं म्हंजे?"

दूध आटवायला छाती बांधतात, ते तिला माहीत होतं. तिनंच कपाटातून सुती ओढणी काढली, माझ्याकडं पाठ केली आणि हात वर धरले. मी ओढणी गुंडाळली, घट्ट ओढली आणि गाठ मारली. पोरगी रडत होती. चार-पाच दिवसांत दूध आटलं.