चार नावांची भाजी

अख्खं हैदराबाद संस्थान जर कुणी एका माणसानं चाखून पाहिलं असेल, तर ते माझ्या आत्यानं. राज्य करणाऱ्यांनी ते नकाशावर पाहिलं, आत्यानं ते ताटात वाढून घेतलं. ती मुलींच्या शाळांची इन्स्पेक्ट्रेस होती. महिन्यातले पंधरा दिवस नांदेड, वरंगळ, रायचूर असे दौरे करायची आणि हैदराबादेत काचीगुड्याला आमच्या घरी परतली की तिच्या वळकटीतून साड्यांच्या आधी तिखटाच्या पुड्या, वाळवणं आणि ओल्या फडक्यात बांधलेली कसली कसली रोपं बाहेर पडायची. तुळजापूरला जाऊन आली तेव्हा दर्शन कसं झालं ते तिला धड सांगता येईना. पुजाऱ्याच्या घरचं वरण मात्र आठवडाभर सांगत होती. शाळा तपासण्याची तिची रीतही जगावेगळी. वर्गात जाऊन पहिल्या बाकावरच्या मुलीला ती विचारायची, "तुझ्या घरी आज काय केलंय?" बाई बिचाऱ्या पाढे आणि कविता घोटून घेऊन उभ्या, आणि मुलगी सांगतेय की आजीनं शेंगांची चटणी कुटलीय. मग उरलेली तपासणी त्या आजीच्या चुलीपाशी व्हायची. कुणाच्या घरी खावं, कुणाच्या नाही, याचे तेव्हाचे सगळे नियम आत्याला तोंडपाठ होते, कारण ते एकूण एक तिनं मोडले होते.

आत्या विसाव्या वर्षी विधवा झाली आणि धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे आली. विधवेनं कांदालसूण खाऊ नये हे आमच्या आईनं तिला पहिल्याच महिन्यात अगदी हळुवारपणे सुचवून पाहिलं. आत्या फोडणीत लसूण टाकत होती. ती म्हणाली, "वहिनी, माझा नवरा विषमज्वरानं गेला. लसणानं नाही." त्यानंतर आईनं तो विषय काढला नाही. आईची खरी कुरकूर वेगळीच होती. आत्यानं तेलंगणातून सर्वपिंडी नावाचा प्रकार शिकून आणला. तांदळाच्या पिठाचा, डाळ-शेंगदाणे घातलेला जाड थर पातेल्याच्या आतून थापायचा आणि तसाच खरपूस भाजायचा. एक भाजून झाली की पातेलं थंड होईपर्यंत दुसरी थापता येत नाही, म्हणून आत्यानं एकामागून एक घरातली सगळी पातेली घेतली. संध्याकाळी आईला चहाला भांडं उरलं नाही. दिवाळीत चकलीऐवजी आत्यानं हातानं वळलेली पांढरीफटक सकिनालू केली, तेव्हा सोलापूरकडचे एक पाहुणे म्हणाले, "चकली बिघडलेली दिसते." आत्यानं त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि म्हणाली, "चकली नाही बिघडली. तुम्ही घराबाहेर पडला नाहीत कधी, एवढंच."

या सगळ्या पदार्थांची तिची एक वही होती. डावीकडे कृती, उजवीकडे शेरा. शेरे शाळेचेच: 'सुधारणेस वाव आहे', 'शिस्त कमी', 'पुन्हा भेट द्यावी'. 'ठीक' हा सर्वांत वरचा शेरा, आणि तो तोवर सबंध वहीत तीनदाच होता. मी पहिली भाकरी केली तिला मिळालेला शेरा मला अजून पाठ आहे: 'नकाशा बरा, भाजणी कच्ची.'

एकदा ती वरंगळहून एक अपूर्व पाला घेऊन आली. सबंध प्रवासभर मांडीवर धरलेला, दर स्टेशनाला पाणी शिंपडलेला. "गोंगुरा," ती म्हणाली, "हा आपल्याकडे मिळत नाही. हात नका लावू." आईनं फडकं सोडलं, पान हुंगलं आणि म्हणाली, "अहो वन्सं, ही तर अंबाडी. परसात कमरेएवढी वाढलीय." आत्यानं परसात जाऊन एक पान खुडलं आणि चावून पाहिलं. मग ती इतकी हसली, इतकी हसली, की ठसका लागला. पुढच्या महिन्यात तिला तीच भाजी रायचुरात पुंडी म्हणून भेटली, आणि शेजारच्या खालाबी कुंपणावरून बघून म्हणाल्या, "आपा, हमारे में इसकू अंबाडा बोलते." त्या दिवसापासून आमच्या घरचं कुलदैवत बदललं. कण्या घालून अंबाडी, लाल मिरच्यांत वाटून गोंगुरा, डाळीत घोटून पुंडी आणि खालाबींच्या पद्धतीनं, पण गोश्त वगळून, अंबाडा. आठवड्यातून चार दिवस एकच पाला चार नावांनी आमच्या पानात यायचा. दात आंबून गेले होते आमचे.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून सोलापूरकडे नाहीतर नागपूरकडे गेली होती. वडिलांनीही ट्रंका बांधल्या. आत्या परसात अंबाडीचा वाफा खुरपत होती. "अक्का, निघायचंय," वडील म्हणाले. "पेरलंय ते खुडल्याशिवाय मी हलायची नाही," ती म्हणाली. तिला सोडून जाणं वडिलांना जमेना. ट्रंका तशाच राहिल्या. रात्रंदिवस भीती होती, हे मी लपवत नाही. बाहेरून माल येईना, मिठाचीसुद्धा मारामार झाली. तेव्हा खालाबींनी कुंपणावरून वाटीभर मीठ दिलं. सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, चार-पाच दिवसांत सगळं पालटलं, आणि आता खालाबींच्या घराची दारं आतून बंद झाली. आत्यानं वाफ्यातली अंबाडी खुडली, भाजी केली आणि तीच वाटी भरून निघाली. नाक्यावरच्या चारदोघांनी हटकलं, "अहो बाई, आता कशाला तिकडं जाता?" आत्या थांबली. "वाटी त्यांची आहे. आपल्यात रिकामी वाटी परत करतात का?" आणि भर गल्लीत, सगळ्यांदेखत, दार उघडेपर्यंत ती कडी वाजवत राहिली. मी खिडकीतून बघत होते. आईच्या डोळ्यांना पदर लागला होता.

छप्पन साली भाषावार राज्यं झाली आणि संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. नोकरदारांचीही वाटणी झाली. वडीलही सरकारी नोकरीतच; त्यांना बदलीचा हुकूम औरंगाबादचा आला, आत्यालाही तोच. मातृभाषा मराठी, तेव्हा मराठी मुलखात. वडील खूश होते. एकत्र जाऊ, अक्कालाही बढती मिळेल. आत्या म्हणाली, "नक्को." हैदराबाद सोडायचं नाही एवढंच तिचं म्हणणं, आणि ते नोकरीत राहून कसं साधायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं परसातली अंबाडी उपटली, मातीसकट जुडी बांधली, आणि मला घेऊन कचेरी गाठली. मी तेव्हा कॉलेजात होते. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्यानं सुपरिंटेंडेंटसाहेबांच्या टेबलावर, फायलींच्या वर ती ओली जुडी ठेवली आणि भोवतीच्या कारकुनांना विचारलं, "हे काय आहे?"

"गोंगुरा अम्मा," तेलुगू कारकून म्हणाला. रायचूरकडचा म्हणाला, "पुंडी." बीडचा एक होता, तो म्हणाला, "अंबाडी, दुसरं काय!" म्हातारे सुपरिंटेंडेंट चष्मा वर करून म्हणाले, "अंबाडा है, बाईसाब."

"मग हिला कुठल्या राज्यात घालणार, सांगा."

कचेरी हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी फायलीवरची माती हातानं हळूच पुसली आणि म्हणाले, "बाईसाब, भाजी कू सर्व्हिस-बुक नईं रहती. आपकू है."

"तो मेरेकू भी नक्को," आत्या म्हणाली, आणि त्यांच्याच दौतीत टाक बुडवून राजीनामा लिहिला. बावीस वर्षांची नोकरी चार ओळींत संपली. जुडी तिनं परत घेतली नाही. बाहेर पडताना मागं वळून कण्या किती घालायच्या ते तेवढं सांगितलं.

आम्ही औरंगाबादला गेलो, ती काचीगुड्यालाच राहिली. नारायणगुड्यातल्या एका लहानशा शाळेत पहिलीच्या पोरींना शिकवू लागली. ज्या बायांना एकेकाळी ती तपासायची, तसल्याच एका बाईच्या हाताखाली. वडिलांनी दरवर्षी पत्रातून बोलावलं. तिचं दरवर्षीचं उत्तर एका ओळीचं: 'पेरलंय.' मला तिचा राग यायचा. आमच्यापेक्षा तिला तो वाफा मोठा, असं वाटायचं. स्टेशनवर निरोप द्यायला आली तेव्हा मी तिच्याशी बोलले नव्हते, याची टोचणी मला आजही आहे.

शेवटची भेटले तेव्हा ती फार थकली होती. खालाबी गेल्या होत्या, गल्लीत ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. मी भाजी निवडायला घेतली. आत्यानं जुडी माझ्या हातून ओढून मांडीवर घेतली.

"तुमच्याकडे हिला काय म्हणतात गं?"

"अंबाडीच की."

"आणखी?"

"आणखी काही नाही, आत्या. नुसती अंबाडी."

तिनं एकेक पान चाचपून पाहिलं. "एकाच नावानं हाक मारतात?" ती म्हणाली. "करमत कसं असेल गं तिला तिकडं?"

त्या दिवशीच्या माझ्या भाजीला तिनं 'ठीक' दिलं. वहीतलं ते चौथं आणि शेवटचं.

आता मंडईत अंबाडीची जुडी पिशवीत टाकताना मी हळूच म्हणते, गोंगुरा, पुंडी, अंबाडा. भाजीवाली विचारते, "काय म्हणता, ताई? खराब आहे का?"

"नाही हो," मी सांगते, "ओळखीची आहे. आधी हैदराबादेत असायची."