उसने टायर

गाडीचं पासिंग आलं की टायर उसने आणायचे, ही मालट्रकच्या धंद्यातली जुनी रीत. आपले झिजून गुळगुळीत झालेले असतात. मग ज्याच्या गाडीला नवेकोरे आहेत त्याच्याशी गोड बोलायचं, सकाळी ते चढवायचे, तपासनिसाला गाडीभोवती एक चक्कर मारू द्यायची आणि शिक्का पडला की ज्याचे त्याला परत. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तपासनिसालाही. यात कुणी स्वतःला लबाड समजत नाही. लबाडी वेगळी आणि पासिंग वेगळं, असं त्यांचं म्हणणं.

हळूमामाने मात्र आयुष्यात कधी टायर उसना आणला नव्हता. हा माणूस रिकाम्या रस्त्यावरही कुणाला ओव्हरटेक करत नसे, म्हणून त्याचं हे नाव पडलं होतं. मूळचं नाव त्याच्या बायकोला आणि कंपनीच्या कारकुनालाच माहीत असावं. त्याच्या गाडीला कधी साधा ओरखडा नव्हता. "माझी गाडी माझ्याच टायरवर पास होते," असं तो चहाच्या टपरीवर उगाचच सगळ्यांना ऐकवायचा. ऐकणाऱ्यांना त्याचा थोडा राग यायचा. सरळ माणूस थोडा डोक्यातच जातो, त्यातून तो ते बोलून दाखवत असेल तर विचारायलाच नको.

असा हा माणूस घसरला कुठे, तर साखरेवर. लांबच्या एका खेपेत त्याला सारखी तहान लागायला लागली, दर थांब्यावर लघवीला उतरावं लागायला लागलं. ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा एका गावात त्याने गुपचूप रक्त दाखवलं. साखर निघाली, तीही चांगली भरपूर. गोळ्यांची पाकिटं त्याने सीटखाली हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली दडवली. घरीसुद्धा सांगितलं नाही. आता प्रश्न होता वर्षाच्या मेडिकलचा. कंपनीचा नियम असा की लघवीत साखर सापडली की चाक गेलं. आदल्या वर्षी मिशीवाल्या ड्रायव्हरचं असंच गेलं होतं. त्याला गोदामाच्या फाटकावर बसवलं होतं, आडवा दांडा वर-खाली करायला. एकेकाळी घाटात सगळे ज्याला वाट द्यायचे, त्या माणसाला आता पोरंसोरं हॉर्न मारून दांडा उचलायला लावत. हळूमामा फाटकातून जाताना त्याच्याकडे बघायचं टाळायचा.

"त्यात काय एवढं?" टँकरवाला म्हणाला. हा त्याचा जुना दोस्त. मामाने हे एकट्या त्यालाच सांगितलं होतं. "पासिंगला टायर बदलतात, तशी बाटली बदल. कुणाचीतरी चांगली घेऊन जा."

"कुणाची? तुझी देतोस?"

"माझी?" टँकरवाला खो खो हसला. "माझी नेलीस तर दारूनेच तिथे आग लागेल, लेका. घरची बघ की. वहिनींना कधी शिंकसुद्धा आलेली ऐकली नाही मी."

ते खरंच होतं. बायकोने कधी अंथरूण धरलेलं हळूमामालाही आठवत नव्हतं.

तरी विचारायला त्याला दोन दिवस लागले. बायको ओट्याशी भांडी पुसत होती. हा दारात उभा राहिला, घसा खाकरला, पंख्याकडे बघितलं, नळ गळतोय का ते बघितलं आणि शेवटी एका दमात सगळं सांगून टाकलं, साखरेसकट. बायको साखरेवर रागावेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती नुसती पुसलेलंच ताट पुन्हा पुसत राहिली.

"माझं नका नेऊ," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं तरी बघा."

"अगं, असलं काही दुसऱ्याकडे मागतात का? आणि तुझं का नको?"

"माझं चांगलंच असेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

यावर हळूमामा हसला होता. चक्क हसला होता. "इतक्या वर्षांत तुला एकदा तरी डॉक्टरकडे न्यावं लागलंय का? झालं तर मग! याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं?"

बायकोने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "ठीक आहे. बाटली ठेवून जा."

मेडिकलच्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात सगळे ड्रायव्हर बनियनवर उभे होते. घाटाघाटांतून अजस्र गाड्या उतरवणारी ही माणसं तिथे मात्र शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखी दिसत होती. पोटं आत ओढलेली, सदरे हातावर. कुणी डोळ्यांच्या तक्त्याची अक्षरं पुटपुटत पाठ करत होतं. हळूमामाच्या काखेत बाटली होती. कंपाउंडर बाटली हातात घेतली की ती कोमट आहे का ते बघतो. गार असली की समजतो, घरून आणलीय. म्हणून काखेत धरून ती ऊबदार ठेवायची, ही टँकरवाल्याची शिकवण. हात अंगाला चिकटवून हळूमामा इतका अवघडून उभा होता की मागच्याने विचारलं, "मामा, खांदा धरलाय का?"

"हं," मामा म्हणाला. आयुष्यातलं बहुधा पहिलंच खोटं, तेही एका अक्षराचं.

संडासात जाऊन, थोडा वेळ काढून तो बाहेर आला आणि बाटली दिली. कंपाउंडरने ती चाचपली, मान हलवली. जमलं! हळूमामाला हलकं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली.

आत डॉक्टरीणबाई होत्या. चष्मा कपाळावर, आवाज मऊ. त्यांनी रंगीत चौकोनांची पट्टी बाटलीत बुडवली आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघितली.

"साखर नाही," त्या म्हणाल्या.

हळूमामा दाराकडे वळला.

"पण हे काय?" त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली. एक चौकोन हिरवागार झाला होता. "प्रथिनं जातायत, खूपच. हे मूत्रपिंडाचं दिसतंय. बसा जरा." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "लघवीला फेस येतो का?"

"नाही."

"पाय सुजतात? चपला घट्ट होतात संध्याकाळी?"

"नाही," तो म्हणाला. बायको गेल्या उन्हाळ्यापासून त्याच्याच जुन्या रबरी चपला घालत होती. "हत्तीचे पाय झाले की काय तुझे," असं म्हणून त्यानेच थट्टा केली होती. तीही हसली होती.

बाईंनी वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. त्यांनी भुवया उंचावल्या. "अंगाला खाज?"

"नाही." रात्रभर खसाखसा खाजवते म्हणून तो तिच्यावर खेकसला होता. साबण बदल, म्हणाला होता.

"जेवण जातं नीट? जिना चढताना दम?"

"जातं. नाही. म्हणजे, दम नाही लागत." तुम्ही बसा, मी मागाहून जेवते, असं ती रोज म्हणायची. आणि जिन्याच्या वळणावर थांबून शेजारणीशी बोलत राहायची. बायकांना बोलायला कारण लागत नाही, असं हा वर जाऊन स्वतःशी म्हणायचा.

आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढे त्याला सगळ्यात जास्त शरम वाटली ती याचीच. त्या खुर्चीवर बसून हळूमामाच्या मनात पहिलं आलं ते बायकोचं दुखणं नव्हतं. पहिलं आलं ते असं: हिने माझा घात केला. नसलेल्या रोगापायी आता माझं चाक जाणार. असा राग आला त्याला, त्या दुखणाईत बाईचा.

"आज मी सही करत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "समोरच्या खोलीत रक्त देऊन या. घाबरू नका. पण हे अंगावर काढू नका, वेळ हातची जाते."

रक्त दिलं की साखर दिसणार. तो उठला, सदरा हातातच घेऊन व्हरांड्यात आला. टँकरवाल्याने त्याला कोपऱ्यात ओढलं, सगळं ऐकून घेतलं आणि चुटकी वाजवली. "सोपं आहे. आत्ता इथून कलटी मार. अंगात कणकण होती म्हणून तसं आलं असेल, असं सांगू. माझ्या भाच्याची बाटली उद्या आणून देतो. वहिनींना नंतर सवडीने दाखव दुसरीकडे."

सवडीने. हळूमामा त्या शब्दाकडे बघतच राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते त्याने आजवर दुसऱ्यांना म्हटलं होतं. आज त्याने कळसा खरोखरच काखेत धरला होता, ऊब देऊन धरला होता आणि आत काय आहे ते त्याला परक्या बाईने सांगितलं होतं.

तो घरी गेला. बायको पलंगाच्या कडेवर बसली होती, पाय खाली न सोडता वर घेऊन. त्याला बघून तिने घाईने पाय साडीखाली ओढले.

"झालात पास?" तिने विचारलं.

"तुला कधीपासून होतंय हे?"

तिने साडीचा काठ आणखी खाली ओढला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. तुम्ही खेपेवरून यायचात, दमलेले असायचात. मग म्हटलं पुढच्या वेळी."

"मग निदान बाटली तरी द्यायची नव्हतीस! नाही म्हणायचंस ना ठाम!"

"म्हटलंच होतं नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "पण तुम्ही म्हणालात ना, तुला कधी डॉक्टरकडे न्यावं लागलंय का. तेव्हा वाटलं, जाऊ दे. मला नाही नेत तर माझी बाटली तरी जाऊ दे. तुमच्या नावाने का होईना, कुणीतरी बघेल." मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं चाक जाईल, हे कळत होतं मला. तरी दिली. माझं चुकलंच."

जमिनीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते हळूमामाला तेव्हा कळलं. त्याने तिच्यासमोर त्या रबरी चपला सरळ करून ठेवल्या.

जवळपास दुसरा डॉक्टर त्याला ठाऊक नव्हता. तो तिला तिथेच घेऊन आला. व्हरांड्यात रांग अजून होती. बनियनवरची ती सगळी माणसं बाई आलेली बघून गडबडली, पटापट सदरे चढवायला लागली. टँकरवाल्याने लांबूनच हाताने "नको, नको" अशी खूण केली. हळूमामा खाली बघून चालत राहिला. बायकोच्या चालीने, म्हणजे त्याच्याहूनही हळू.

"ती बाटली हिची होती," त्याने आत गेल्या गेल्या सांगितलं. "माझ्यात साखर आहे. मी खोटं केलं."

दार उघडंच होतं, व्हरांड्यात ऐकू गेलं असणार. कोणीतरी हलकेच शिट्टीही मारली. डॉक्टरीणबाईंनी एक रिकामी बाटली त्याच्यापुढे सरकवली. तो जाऊन ती भरून घेऊन आला. या वेळी पट्टीवरचा दुसराच चौकोन पालटला, गडद तपकिरी. त्यांनी त्याच्या कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. काय ते त्याने विचारलं नाही. फाटकावरचा दांडा त्याला दिसला होता. मिशीवाल्याच्या शेजारी आणखी एक स्टूल लागणार होतं.

मग बाई त्याच्या बायकोकडे वळल्या आणि तेच प्रश्न, त्याच क्रमाने, पुन्हा विचारायला लागल्या. फेस येतो? हो. पाय सुजतात? हो. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. खाज? हो. जेवण? नाही जात. दम? हो, लागतो. प्रत्येक उत्तर ती असं देत होती, जणू कुणाची वस्तू बरेच दिवस सांभाळून ठेवली होती आणि आता परत करतेय. हळूमामा दाराशी उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"आज आणलंत ते बरं केलंत, अजून उपाय आहेत," डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "पण हे एका दिवसाचं नाही. वर्ष तरी झालं असेल. घरात कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

बायकोने पदर सारखा केला. "हे ड्रायव्हर आहेत ना, बाई," ती चटकन म्हणाली. "सारखे बाहेर असतात. घरी नसतातच."

बाईंनी मान डोलावली आणि तसं लिहायला घेतलं. बायकोने त्याच्याकडे बघितलंही नाही. आजवर कारकुनापुढे, नातेवाइकांपुढे, शेजारपाजाऱ्यांपुढे तिने त्याची बाजू अशीच सांभाळली असणार, हे त्याला आत्ता दिसत होतं. आत्ताही तो गप्प बसला असता तरी चाललं असतं.

"नाही, बाई," हळूमामा म्हणाला. "मी घरीच होतो."